पोस्टकार्डांचा पंधरवडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवण्याजोगं माझ्या हातून फारसं काही घडलेलं नाही, हे तीही मान्य करील.

गोष्ट पोस्टाची आहे. पेडणे तालुक्यातलं आमचं लहानसं गाव. नाव राहू दे. इथलं पोस्ट म्हणजे शालनवहिनीच्या घराची बाहेरची खोली, एक टेबल, एक वजनकाटा. पोस्टमास्तर तीच. तिचा दीर गुरुदास त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहतो आणि मोटरसायकलवरून पेडण्याहून टपालाची थैली आणतो. असल्या खेड्यातल्या पोस्टांत पगार तासांवर ठरतो, आणि तास टपालावर. म्हणून अधूनमधून वरून साहेब येतो आणि ठरावीक दिवसांची पत्रं मोजतो. पत्रं कमी, तर तास कमी, पगार कमी. वहिनीचा नवरा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी थांबल्या तेव्हापासून घर तिच्याच पगारावर.

पोस्टखातं तोट्यात आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पोस्टकार्ड पन्नास पैशांना विकायचं आणि पोचवायला त्याच्या कितीतरी पट खर्च करायचा — असा धंदा दुसरं कोण करील? त्यावर उपाय म्हणून तालुक्याला मेळावा झाला. शामियाना, समई, चार भाषणं. ग्रामीण पोस्ट हा देशाचा कणा आहे, असं चौघांनीही सांगितलं. वहिनीला पुष्पगुच्छ मिळाला. आणि पुढच्याच महिन्यात मोजणीचा पंधरवडा लागला.

मग गावाने पत्रं लिहिली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला, सासूने त्याच घरातल्या सुनेला. मी सात लिहिली — त्यातलं एक स्वतःला, शुद्धलेखन तपासून. लबाडी होती का? असेल. पण कार्डं तर आम्ही पैसे मोजूनच घेतली होती.

मोजणीचा साहेब भला माणूस. गुरुदास त्याला मोटरसायकलवरून गावभर फिरवायचा. एका संध्याकाळी साहेब एकटाच माझ्या व्हरांड्यात चहाला बसला. पुस्तकांवर बोललो. मामलेदार कचेरीत कारकुनी करत जन्म गेला माझा — वाचलेलं बोलून दाखवायला माणूस कुठे मिळतो? बोलता बोलता तो म्हणाला, "भाई, तुमच्या गावात पत्रं लिहायची सवय अजून टिकली आहे. कमाल आहे!"

इथे गप्प बसता आलं असतं. वाक्य सुचलं होतं, आणि ते — कसं सांगू — फार चांगलं होतं.

"साहेब, पोस्टाचा तोटा वाढवायला अख्खं गाव झटतंय."

तो खूप हसला. मग हसायचा थांबला. कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने कार्डं एकेक करून पाहिली. पाठवणारा आणि घेणारा एकाच घरातले — अशी कितीतरी निघाली. ती सगळी वजा झाली. वहिनीचे तास कमी झाले.

कोणी सांगितलं? साहेबाला फिरवत होता तो गुरुदास. नाव त्याचंच आलं. त्याने देवासमोर उभं राहून नाही म्हणून सांगितलं. मी गर्दीत होतो. त्याने नारळ देवापुढे ठेवला, तो मी पाहिला. घरी येऊन जेवलो.

त्या घराची गणेशचवथ पिढ्यान्‌पिढ्या एक होती. आता एकाच छपराखाली दोन गणपती बसतात, मध्ये भिंत. यंदा मी दोन्हीकडे गेलो. वहिनीने खोबऱ्याच्या नेवऱ्या दिल्या, समोर बसली आणि म्हणाली, "भाई, तुमकां खरां सांगतंय, गुरुदासानच सांगलां. दुसरो कोण सांगतलो?"

व्हरांड्यात जीभ घसरली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण वहिनीसमोर कुठे घसरली होती? चांगला विचार करून, तोंडातला घास गिळून, तिच्याकडे पाहत मी म्हटलं — "असेल."

तिने माझ्या ताटलीत आणखी एक नेवरी वाढली. मी खाल्ली.