पुसलेली ओळ आन् आमचे वामनराव सर

वामनराव सरायले मी पहिल्यांदा पाह्यलं, तेव्हा ते काउंटरखाली शिरून वायर शोधून राहिले होते. मले फक्त त्यायचे मोजे दिसले, दोन पायांत दोन रंगांचे. आमचे हे गेल्यावर प्रताप नगरच्या या बायकांच्या दवाखान्यात मी नोंदणीच्या कामाले लागली, तो माझा पहिला दिवस. सर बाहेर निघाले, चष्मा पुसला आन् म्हणाले, "बाई, माउस शोधू नका. मीच काढून ठेवला."

नोंदणीचा प्रोग्राम सरायनंच लिहिलेला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, सारं काम कीबोर्डवर. पडद्यावर नंबरानं नावं येतात, मी वाचून पुकारते. मी त्याले सरायची पाटी म्हणते, सर रागावत नाहीत.

मंग मिहानमधल्या एका कॉम्प्युटरच्या कंपनीनं मोबाइलवरून नंबर लावाचं पान बनवून देल्लं. त्यायचं म्हणणं, पाटी फेका, सारंच ब्राउझरमध्ये आणा. सर नाही म्हणत. मी विचारलं, काहून? सरायनं समजावलं, की ब्राउझरचं पान उघडलं की त्याच्यासंगं दहा ठिकाणचा कोड येऊन चालते, पाटीवर नुसती अक्षरं येतात. बायकांच्या आजाराच्या गोष्टी आहेत, दारं कमी तेवढी बरी.

अन् एक दिवस पाटीवरूनच एका बाईचं नाव गेलं. उमरेडची बाई, सकाळपासून बसून होती. तिच्या मागच्या साऱ्या तपासून गेल्या, हिचा पुकाराच नाही. शेवटी चक्कर येऊन खुर्चीतच कलंडली. मॅनेजर माझ्याकडे बोट करून म्हणाले, गावच्या शाळेत शिकलेली बाई, दाबलं असन काही भलतंच, काउंटरवरून काढा हिले. काढलं असतं तर मले जावयाच्या घरी जाऊन राहा लागलं असतं. अन् जावई किती बोलतो ते सरायले माहीत होतं.

सर आले, माझ्या बाजूले बसले, सकाळच्या नोंदी माझ्याकडून पुन्हा करवून घेतल्या. मोबाइलच्या पानावरून आलेल्या एका नावात डोळ्याले न दिसणारी चिन्हं चिकटलेली होती. पडद्याले तो हुकूम वाटला, वरची ओळ पूस. त्यानं पुसली, अन् ती नेमकी उमरेडच्या बाईची.

मीटिंगमध्ये कंपनीवाले खाली मान घालून बसले. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे ब्राउझरवाल्यांचीच चूक ना, सर?"

एवढ्या वर्षांचं भांडण सरायनं तिथंच जिंकलं असतं. सर म्हणाले, "कचरा त्यायच्या दारातून आला, पण हुकूम माझ्या पडद्यानं मानला. चूक माझी. बाईची तर नाहीच. ब्राउझरमध्ये पाहुणे लय, पण ज्याले त्याले वेगळी खोली असते. माझ्याकडे पाहुणे कमी, पण आत आला की सारं घर त्याचं. मी कमी गर्दीलेच सुरक्षा समजत होतो."

आता तशी चिन्हं हुकूम करत नाहीत, पडद्यावर नुसती चौकोन होऊन बसतात. सरायनं त्या बाईची माफी मागतली. तिले पडद्याचं काही समजलं नाही. ती म्हणाली, मले विचाराचं तरी होतं. तेव्हापासून सरायच्या सांगण्यावरून मी मधून मधून उठते अन् हॉलमध्ये विचारते, "कोणाचं नाव राहिलं का वं?"

सर, आज तुमची पंचाहत्तरी झाली. गुडघे सांभाळा, मोजे काकूले दाखवून घालत जा. अन् वरच्याच्या काउंटरवर तुमच्या नावाची ओळ अशीच पुसली जावो, तिथं कोणाले उठून विचाराचं सुचू नये.