चालेल म्हणणारी

"तेच आहे म्हटलं ना एकदा!"

"तेच कसं असेल, आई? माझं कापड हातात धरलं की निसटायचं. हे बघ, पुठ्ठ्यासारखं उभं राहतंय."

"नवीन आहे. इस्त्री फिरली की बसेल."

"माझंही नवीनच होतं की."

"तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत गिरण्या बदलतात."

"म्हणजे तेच नाही."

"त्याच दुकानातलं आहे, असं म्हणाले मी."

"नाही, तू 'तेच' म्हणालीस. आत्ता, याच तोंडाने."

कापायच्या टेबलावर पाच मीटर दुधी रंगाचं कापड पसरलं होतं. अलीकडे आई, गळ्यात टेप टाकून. पलीकडे तिची लेक, लग्नघर आहे म्हणून सासरहून मदतीला आलेली आणि आल्यापासून सगळ्यांच्या चुका काढणारी. जिच्या लग्नाच्या ड्रेससाठी हे कापड होतं ती खिडकीशी मशीनवर बसून कुणा गिऱ्हाइकाच्या बाहीला टीप घालत होती.

"मला चालेल," ती मान वर न करता म्हणाली. "छान आहे की. उगाच कशाला भांडताय?"

भांडण तिथेच संपलं. त्या घरातली निम्मी भांडणं आजवर याच शब्दाने संपली होती.

अख्खी गल्ली गळ्यात टेप टाकलेल्या या बाईला मावशी म्हणते. कपडे शिवायला येणाऱ्या, तिच्यापेक्षा वयाने मोठ्या बायकासुद्धा. खरं तर ती मावशी एकाच मुलीची. बहीण गेली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. ती एक पिशवी आणि एक छत्री घेऊन या घरी आली आणि दिवसभर "मावशी, मावशी" करत पाठीमागे फिरू लागली. गिऱ्हाइकांनी तो शब्द उचलला. स्वतःच्या लेकीनेही आठवडाभर आईला मावशी म्हणून पाहिलं आणि एक धपाटा खाल्ल्यावर सोडून दिलं. लेक दोन वर्षांनी मोठी, म्हणून ती थोरली आणि भाची, आता मशीनवर बसलेली, धाकटी. बाहेरच्यांना दोघी सख्ख्या बहिणी वाटत, आणि मावशीला ते ऐकायला फार आवडे.

दोघींचे फ्रॉक ती एकाच कापडातून शिवायची. आधी थोरलीचा बेतायचा, उरेल त्यात धाकटीचा. उरलेलं पुरायचं नाही, मग मध्ये जोड द्यायचा आणि जोड दिसू नये म्हणून त्यावर खिसा लावायचा. त्यामुळे धाकटीच्या प्रत्येक फ्रॉकला खिसे असायचे. कधी दोन, कधी तीन, एकदा तर पाठीवरसुद्धा. "माझ्या मावशीने फक्त मलाच खिसे लावलेत," असं ती शाळेत सांगत असे. मावशीने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेव्हा तिला हसू आलं होतं.

कापडाच्या बाबतीत मावशीचा हात पक्का. कापड मुठीत चुरगळून दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. सुरकुती कशी उलगडते त्यावरून पोत सांगायचा. शंका आलीच तर काठाचा एक धागा ओढून काडीच्या ज्योतीवर धरायचा. अस्सल रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात विरते. नकली धागा वितळतो, त्याचा टणक काळा मणी होतो. थोरलीला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. धाकटी मात्र सगळं शिकली, आणि आता मावशीच्या आधी तिचीच बोटं कापड ओळखत.

मावशीच्या धंद्याचा आणखी एक नियम होता. गिऱ्हाईक "आवडलं" म्हणालं तरच कात्री लावायची. "चालेल" म्हणालं तर कापड घडी घालून परत द्यायचं. चालेल म्हणणारं माणूस मन मारून उठतं, आणि घरी गेल्यावर ते कापड त्याच्या डोळ्यांत खुपायला लागतं, असं तिचं म्हणणं.

हे दुधी कापड तिने एकटीने जाऊन आणलं होतं. दुकानदाराने आधी अस्सल रेशमाचं ठाण काढलं होतं, थोरलीच्या वेळी घेतलेलं तेच. त्याच्यावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. पैसे पर्समध्ये होते, याच कामासाठी बाजूला काढलेले. आणि तरी ती म्हणाली, "दुसरं दाखवा." का म्हणाली, हे तिला त्या क्षणी नीट कळलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर कारणं आपोआप गोळा झाली. एका दिवसापुरतं तर घालायचं. धाकटीला कुठे हौस आहे? ती तर काहीही चालवून घेते. घरी आल्यावर तिने पिशवी टेबलावर उपडी केली आणि सांगून टाकलं, "थोरलीचं होतं ना, तेच आणलंय बघ."

भांडणानंतर मावशीने खडूने कापडावर गळा आखला, बाह्या आखल्या. कात्री उचलली, परत ठेवली. लग्नाला बारा दिवस राहिले होते.

दुपारी बँकेतली बाई कोटाचं कापड घेऊन आली. नवऱ्याने परस्पर आणलेलं, मातकट रंगाचं.

"कसं वाटतंय?" मावशीने विचारलं.

"चालेल की."

"चालेल म्हणालात तर मी शिवणार नाही."

"अहो, मावशी, कोट शिवायचाय मला, नातं नाही जुळवायचं!"

"एकच ते. दोन्ही वर्षानुवर्षं अंगावर वागवावी लागतात. घरी घेऊन जा, आरशासमोर खांद्यावर टाकून बघा. आवडलं असं तोंडातून आलं तर उद्या या. नाहीतर नवऱ्यालाच शिवा त्यातून काहीतरी."

बाई हसत हसत गेली. मावशीही हसली आणि सवयीने धाकटीकडे वळली. असल्या गमतीत ती नेहमी सामील व्हायची. आज धाकटी हसत नव्हती. मशीन थांबवून, मान खाली घालून ती बॉबीनला दोरा गुंडाळत होती. बॉबीन आधीच भरलेली होती.

मावशीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि मग कुठे ठेवावं ते तिला कळेना. वीस वर्षांत ही पोर एकदाही आवडलं म्हणाली नव्हती. शाळेचं दप्तर, चष्म्याची फ्रेम, आतली अंधारी खोली: चालेल. आणि मावशीने प्रत्येक वेळी लगेच कात्री लावली होती.

तेवढ्यात मावशीचा नवरा आला. तो घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या कपाळावर भिंग कायमचं चढवलेलं, त्यामुळे घरात वावरतानाही त्याला तीन डोळे असतात. "अगं, ही टाचण्यांची बशी तुमची ना? स्क्रू शोधत होतो, तर हा सापडला. माझ्या कुठल्या घड्याळातला नाही. मणी कसला?"

त्याच्या तळहातावर मोहरीएवढा काळा मणी होता.

मावशीने तो उचलला. दोन बोटांत दाबला. विरला नाही.

थोरली बाजारात गेली होती. नवरा भिंग सावरत पुन्हा आपल्या टेबलाकडे वळला. मावशी मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"धागा जाळून बघितलास?"

"हो."

"कधी?"

"आणलंस त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

धाकटीने बॉबीन खाली ठेवली. "तू विचारलं कुठे होतंस, मावशी? तू सांगितलंस." मग घाईघाईने म्हणाली, "खरंच चालेल गं मला. दुरून कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलं ना."

"मला काय, सगळंच कळतं. तूच शिकवलंस." ती थोडी हसली. "खिशांचंही कळलं होतं. शिवायला शिकले तेव्हा पहिला खिसा उसवून बघितला मी."

"काय होतं आत?" मावशीने विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

"जोड. पण काय सुरेख दिला होतास, मावशी! रेघसुद्धा कळत नव्हती."

ती हे मनापासून म्हणाली, कारागिराने कारागिराला म्हणावं तसं. मावशीला वाटलं, हिने भांडायला हवं होतं. हिने आदळआपट केली असती, तर आपल्यालाही चार शब्द बोलता आले असते, बरं वाटलं असतं. ती पुन्हा टेबलापाशी आली आणि खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसू लागली. रेघा पुसल्या गेल्या, पण कापड तिथे तिथे ओलं दिसत राहिलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. थोरलीने पुन्हा विषय काढलाच. "कापलंस का ते 'तेच' कापड?"

"थोरले, जेव आता," नवरा म्हणाला. "तुझ्या आईला काहीतरी बोलायचंय. दुपारपासून तिने एकही टाका घातला नाही."

मावशीने ताट पुढे सारलं.

"ते कापड तेच नाही. अस्सल समोर होतं, ते सोडून मी हे आणलं आणि घरात खोटं सांगितलं," ती म्हणाली. "त्याचे बाहेरच्या खोलीला पडदे होतील. उद्या आपलं शिवणकाम बंद. धाकटी आणि मी कापड घ्यायला जाणार. निवडणार ती, मी फक्त पिशवी धरणार. 'आवडलं' असं तिच्या तोंडातून येईपर्यंत आम्ही घरी येणार नाही. बारा दिवस राहिलेत, मला माहीत आहे. आणि धाकटे, उद्या तिथे चालेल म्हणालीस, तर मी दुकानदाराला कापड फाडू देणार नाही."