धुंड नसलेली होळी

तांड्यात जमनाबाईला कुणी चहाला बोलावेनासं झालं, तेव्हाच तिला कळलं की यंदाची होळी आपल्याला जड जाणार.

एरवी फाल्गुन लागला की तिच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. घाटंजीच्या बाजूला, पळसाच्या रानाला टेकून असलेला हा बंजाऱ्यांचा तांडा. तिथं होळीची लेंगी, म्हणजे होळीचं गाणं, पहिल्यांदा उचलायचा मान तिचा. वय सत्तरीकडे झुकलेलं, पुढचे दोन दात केव्हाच गेलेले, पण आवाज काढला की तांड्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या म्हशी कान टवकारत. दोन लेकी लग्न होऊन पुसदकडे गेलेल्या, नवरा उकंडा मागेच वारलेला. घरात ती एकटी आणि एक बकरी. दोघींचंही तोंड दिवसभर चालू असे.

यंदा मात्र तिला पाहिलं की बायका पदर सावरून आत जाऊ लागल्या. कारण साधं होतं. यंदा तांड्यात धुंड नव्हती.

धुंड म्हणजे काय, हे तांड्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. गेल्या होळीपासून या होळीपर्यंत ज्या घरी मुलगा झाला, त्या घरी गेरिये जातात. गेरिये म्हणजे त्या वर्षीच्या होळीची जबाबदारी घेतलेली पोरं. बाळाला कुणीतरी मांडीवर घेऊन बसतं, वर चादर धरतात, आणि त्यावर काठीवर काठी वाजवत बाळानं वाढावं, जगावं म्हणून गाणं म्हणतात. मग गूळ, मग गोडाचं जेवण, मग पिणारे पितात. एकेका वर्षी धुंडी इतक्या असत की गेरियांचे घसे बसत. आणि यंदा साऱ्या तांड्यात एक मुलगा जन्मला नव्हता. झाल्या त्या दोन मुली, त्यातली एक आईबापाबरोबर पुण्याकडच्या बांधकामावर.

खापर फुटलं जमनाबाईच्या डोक्यावर. ती कितीतरी वर्षं तांड्याची आशाताई होती. त्याच्याही आधीपासून नर्सबाईचं बोट धरून घरोघर हिंडायची, दोन-तीन लेकरं झालेल्या बायकांना समजवायची, सासवांच्या शिव्या खायची आणि बायकांना गाडीत बसवून ऑपरेशनला न्यायची. स्वतः दोन मुलींवर थांबली तेव्हा सासूनं तिच्या हातचं पाणी सोडलं होतं. तेव्हाही ती बधली नाही. तांड्यातल्या बहुतेक बायका तिच्याबरोबरच दवाखान्यात गेलेल्या. आता त्याच बायका म्हणत होत्या, "हिनंच तांडा आटवला." माणसांना विसरायला फार वेळ लागत नाही, आणि सोयीचं असलं तर मुळीच लागत नाही.

होळीच्या आधल्या दिवशी सकाळी तांड्याचा नायक हरिसिंग तिच्या दारात आला. तो तिचा पुतण्या, तिच्या जेठाणीचा, म्हणजे थोरल्या जावेचा, मुलगा. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं आडवा, बोलायला तुटक.

"काकी, अंजूले तू समजाव," तो बसायच्या आधीच म्हणाला.

अंजू त्याची सून, त्याच्या लखनची बायको. तिला दोन मुली, धाकटी आठ महिन्यांची. यंदाच्या दोन मुलींपैकी दुसरी ती हीच. दोन्ही वेळा पोट फाडूनच बाळ काढावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी रक्त इतकं गेलं की डॉक्टरीणबाई बाहेर येऊन बजावून गेली, आता तिसरं नको, बाई हाती लागायची नाही. त्याच वेळी ऑपरेशन उरकून टाका म्हणाली, तर हरिसिंगनंच नको म्हटलं. आता अंजूनं ठरवलं होतं, होळी झाली की ऑपरेशनला जायचं.

"काय समजावू तिले?" जमनाबाईनं विचारलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं.

"एक खेप अजून. लोकं तुह्यंच ऐकतेत. बंद करा म्हनून तूच सांगत आली न? मंग आता चालू करा म्हनून बी तूच सांग."

"डाक्टरीन काय बोलली, तुले मालूम हाये न?"

"डाक्टर लोक भेव घालतेत. आपल्या बायका काही अशा मरत नाई." तो उठला. "उद्या पहाटे होळीपाशी सारा तांडा राहीन. तिथं तू सांगजो का अंजू तयार हाये. नाई सांगितलं तं लेंगी दुसरं कोनी म्हनन. तू घरातच बस मंग."

तो गेला आणि जमनाबाई उंबऱ्यावरच बसून राहिली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. लेंगीची नव्हे. लोकांचं म्हणणं खरंच असलं तर, याची. समोरच्या ओळीतल्या किती घरांना कुलपं होती. जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवायचे, आणि तेव्हाही म्हणे तांडा निघाला की आवाजानंच कळायचं, एवढी लेकरं. आता शाळेच्या अंगणात दोन चिमण्या आणि चार पोरं. शाळा बंद होणार, अशी बोलणी चालू होती. आपण बायका वाचवल्या, की तांडा बुडवला? उत्तर सापडेना, तशी ती उठली आणि अंजूकडे गेली. जाताना मनात ठरवलंच होतं की नायक म्हणतो तसं बोलून मोकळं व्हायचं.

अंजू धाकटीला पाजत होती. चेहरा अजून पांढराफटक, नखंसुद्धा पांढरी. कुडाच्या पलीकडे लखन फवारणीच्या पंपाशी खुडबुड करत होता. जमनाबाईनं आवाज खाली आणला. बायकांच्या पोटाची गोष्ट पुरुषाच्या कानावर जाऊ द्यायची नाही, हा तांड्याचा नियम, आणि तिनं जन्मभर तो पाळलेला. बाईशी बोलायचं, सासूशी बोलायचं, पण नवऱ्याशी कधी नाही. त्यामुळे तिनं नेल्या त्या साऱ्या बायकाच. एकही पुरुष तिच्या हातून कधी दवाखान्याची पायरी चढला नव्हता.

"बेटा," ती म्हणाली, "डाक्टर लोक भेव घालतेतच. आपल्या बायका काही अशा..."

आणि ती थांबली. हे वाक्य तिनं हरिसिंगच्याही कितीतरी आधी ऐकलं होतं.

तेव्हा ती नवी नवरी होती, पंधराएक वर्षांची. जेठाणी मानीबाईला पाच मुली झालेल्या, अंगात रक्ताचा थेंब नाही, चालताना भिंत धरायची. आणि सासू अशीच खाटेच्या कडेला बसून म्हणाली होती, एक खेप अजून, आपल्या बायका काही अशा मरत नाहीत. मानीबाई मेली. मुलगा झाला आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. होळीला त्या मुलाची धुंड झाली तेव्हा मांडीवर घेऊन बसायला आई नव्हती, म्हणून नव्या नवरीला बसवलं. काठ्या वाजत होत्या, गूळ वाटला जात होता, आणि जमना चादरीखाली रडत होती. तो मुलगा म्हणजे हरिसिंग. मरताना मानीबाई एक वाक्य बोलली होती. ते ऐकायला जमनाच तेवढी होती आणि तिनं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"याडी, पुढं बोल ना," अंजू म्हणाली. याडी म्हणजे आई; जमनाबाईला ती तसंच म्हणायची. "मी ऐकून राह्यली. तू म्हनशीन तं मी करतो. मले मरायचं भेव नाई, पोरींचं वाटते."

जमनाबाई म्हणाली, "काही नाई. डाक्टरीन बोलली तेच खरं. तिसरं झालं तं तू वाचत नाई. मी तुले मरू देनार नाई, बस." हे मात्र ती आवाज न उतरवता बोलली. कुडापलीकडची खुडबुड थांबली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

घरी जाताना पाय शाळेकडे वळले. कपिल गुरुजी नेरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, तरुण माणूस. वर्ग सुटला होता आणि तो भिंतीवरचा नकाशा गुंडाळत होता. जमनाबाईनं दारातूनच विचारलं, "गुर्जी, खरं सांगा. तांडा आटला तो माह्या हातानं का?"

तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून नकाशा पुन्हा उलगडला. "हे पाहा मावशी, हा आशिया खंड. आपण इथं, हा चीन, हा जपान. तुमचं लग्न झालं न, त्या सुमारास हा सारा खंड लय जोरानं वाढून राह्यला होता. वर्षाला शंभरामागं दोनाच्या वर मानसं नवी. आता शंभरामागं एक बी नाई, अर्ध्याच्या जरासं वर. आनखी तीसेक वर्षांनं वाढनं बंदच होईन म्हनतेत, मंग उतार. अंदाज हाये, पन जानकारांचा हाये."

"सारीकडं?"

"कुठं आधी, कुठं मागून. जपानात तं कधीचीच मानसं कमी होऊन राह्यली. तिथं काय तुम्ही गेलत्या का बायकांले समजवाले?"

तिला हसू फुटलं, दातांच्या फटीतून. मग तिनं मनात हिशेब केला. खंड सगळ्यात जोरात वाढत होता ती वर्षं म्हणजे मानीबाईची वर्षं. त्या मोठ्या आकड्यात कुठंतरी मानीबाईच्या पाच मुली होत्या, सहावा हरिसिंग होता. मानीबाई वजा झाली, ते कुणी मोजलं असेल असं तिला वाटेना.

"आन शाळा?" तिनं विचारलं.

"शाळेचं मले बी भेव वाटते," गुरुजी म्हणाला. "पन शाळा वाचवाले कोनाची बायको मारता येत नाई."

होळी तांड्यात पहाटे पेटते. झुंजुमुंजू झालं तसा सारा तांडा माळावर जमला. लाकडं रचलेली, शेजारी नगारा, पण वाजवणाऱ्याचा हात खाली. यंदाचे दोन्ही गेरिये, भीमराज आणि बबलू, नुसतेच काठ्या घेऊन उभे. दुरून दुसऱ्या तांड्याचा नगारा ऐकू येत होता, तिकडे धुंडी होत्या. लखन मात्र एका दगडावर बसून होता. दोनतीन दिवस झाले, तो पाय फाकवून चालत होता, रात्री पोरांबरोबर नाचायलाही आला नव्हता. पंपाचं सामान आणायला घाटंजीला गेला होता तेव्हापासून हे सुरू. भीमराज आणि बबलू त्याची टर उडवत होते की गड्याला म्हातारपण लवकर आलं. तो नुसता हसत होता.

हरिसिंग पुढे आला. "काकी, बोल. अंजू तयार हाये का?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. बायकांच्या घोळक्यात अंजू धाकटीला छातीशी धरून उभी होती, मान खाली. जमनाबाईनं पदर खोचला.

"नाई," ती म्हणाली. "आन तयार असती तरी मी नाई म्हनलं असतं. तिसऱ्या खेपेले ते मरते."

"मंग तांडा बुडाला तं चालते तुले?"

"म्या बुडवला म्हनता न? गुर्जीनं सांगितलं, सारा आशिया खंड आटून राह्यला. चीन, जपान, सारे. तिथं कोन गेलतं, मी?"

कुणीतरी हसलं. हरिसिंग हसला नाही. "लेंगी दुसरं कोनी म्हनन. तू घरी जाय. अंजूचं आमी पाहून घेऊ."

"काय पाहून घेता?" आवाज मागून आला. लखन दगडावरून उठला होता. सावकाश, ओठ चावत. "बापू, आता पाहाले काही राह्यलं नाई. ऑपरेशन म्या केलं. माह्यंच. घाटंजीले गेलतो, तवा."

भीमराजनं बबलूकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे. जमनाबाई इतकी वर्षं दारोदार हिंडली, पण हा एक दरवाजा आहे हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"डाक्टरीन बोलली ते मी बी ऐकलंतं," लखन म्हणाला. "तुम्ही समदे अंजूलेच इचारून राह्यले. मले कोनी इचारलंच नाई."

हरिसिंगनं गेरियाच्या हातातली काठी हिसकली आणि तो लखनवर धावला. अंजू किंचाळली. त्या दोघांच्या मध्ये पोचली ती जमनाबाई. कशी पोचली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही.

"मार!" ती ओरडली. "आधी मले मार, हरी. तुह्या धुंडीत तुले मांडीवर कोनं घेतलं होतं? म्या. काहून म्या? तुही माय कुठं होती?"

काठी वरच राहिली.

"मालूम हाये," हरिसिंग म्हणाला. "माय मेली माह्या वक्ताले."

"कशी मेली ते मालूम नाई तुले. पाच पोरी झाल्यावर एक खेप अजून, एक खेप अजून करून मारली तिले. आपल्या बायका काही अशा मरत नाई, म्हनून मारली. हे तुह्यंच बोलनं हाये न? तुह्या आजीचं होतं ते."

हरिसिंगचा हात हळूहळू खाली आला. उजाडत आलं होतं. तो बोलला तेव्हा आवाज नायकाचा नव्हता.

"काही बोलली होती का ते?"

आता जमनाबाईला रडू आवरेना. पन्नास वर्षं दाबलेलं ते. "म्या सांगितलं, पोरगा झाला. तं म्हनली, मंग आता पुरे न?"

हरिसिंगनं काठी गेरियाला परत दिली आणि लखनकडे वळला.

"खाली बस," तो म्हणाला. "दुखत असंन."

आणि जमनाबाईकडे न पाहताच पुढे म्हणाला, "काकी, उजाडून राह्यलं. लेंगी उचल."