तीन जोड्या स्पीकर आणि माझा उजवा कान

गेल्या मंगळवारी सकाळी बोर्ली पंचतनच्या आमच्या घरातल्या छोट्या खोलीत बसून मी एका बाईंनी वाचलेली गोष्ट ऐकत होते… आणि त्यांचा आवाज मधोमध येत नव्हता.

माझं काम ऑडिओचं. लोकांनी रेकॉर्ड केलेल्या गोष्टी साफ करायच्या, मिक्स करून द्यायच्या. त्यासाठी स्टुडिओ मॉनिटर लागतात, म्हणजे आवाज उगाच गोड न करता जसा आहे तसा ऐकवणारे स्पीकर. डावा-उजवा नीट लागला असेल, तर बोलणारी बाई बरोबर आपल्या नाकासमोर बसलीय असं वाटतं.

माझ्याकडे आधी दोन जोड्या होत्या. मोठी स्टँडवर, छोटी टेबलावर. एकीवर जे निसटतं ते दुसरीवर सापडतं. त्यात सेकंडहँड चांगली मिळाली म्हणून तिसरीही घेऊन आले… खोलीचा विचार न करता.

तिचे स्टँड मावेनात. मग टेबल डावीकडे खिडकीला चिकटवलं. तरी उजव्या स्टँडचा पाय दारात आलाच. म्हटलं, राहू दे दार उघडं.

आणि त्या सकाळपासून आवाज डावीकडे ओढायला लागला. वायरी बदलल्या. डावा स्पीकर उजवीकडे ठेवून पाहिला. दुसरी जोडी लावली, मग तिसरी… प्रत्येक वेळी बाई डावीकडेच.

तीन जोड्या एकदम कशा बिघडतील? मग बिघडलंय ते काय… माझा कान?

माझे अब्बा कुवेतला जनरेटरच्या खोलीत कामाला होते. परत आले तेव्हा त्यांना फार कमी ऐकू येत होतं. आता दोन्ही कानांना मशीन आहे. सुरुवात उजव्या कानापासूनच झाली होती, हे मला माहीत होतं.

मी डावी बाजू थोडी कमी केली, बाई मधोमध आल्या. फाईल पाठवून दिली. दुपारी मुंबईहून प्रोड्यूसरचा फोन… "अगं, आवाज उजवीकडे का सरकलाय? तू नीट ऐकलंस ना?"

मी म्हटलं, "हो, एक्सपोर्टमध्ये काहीतरी गडबड झाली असेल, पुन्हा पाठवते." फोन ठेवला. म्हणजे मला जे ऐकू येतंय ते खोटं आहे. ज्या कानांवर पोट चालतं, तेच…

तुम्ही म्हणाल, हेडफोन लावायचे ना. सरळ आणि मग उलटे घालून ऐकलं की कान की स्पीकर, लगेच कळलं असतं. हेडफोन समोरच लटकत होते. कळेल म्हणूनच मी हात लावला नाही.

बुधवार, गुरुवार असेच गेले. मी नुसती स्पीकर सरकवत होते. मोठे आत, छोटे बाहेर, तिसरे उंच, पुन्हा खाली. गुरुवारी मागे वळले तर अब्बा दारात, त्या स्टँडला धरून उभे.

"काय झालंय गो?"

"काही नाही अब्बा. सेटिंग चालू आहे."

"तू दोन दिवस फोन डाव्या कानाला लावतेस," ते म्हणाले. "मी पण तसाच लावायचो."

मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे स्वयंपाकघरात अम्मीलाही कळलं.

अब्बा खुर्चीत बसले. म्हणाले, "मी कोणाला बोललोच न्हाय. भीती होती, कामावरून काढतील. तुझा फोन यायचा, तू शाळेचं काय काय सांगायचीस… मी नुसतं हां बेटा, हां बेटा. अर्धं कळायचंच न्हाय. लवकर दाखवलं असतं तर एवढं गेलं नसतं, डॉक्टर बोलला."

मग त्यांनी अम्मीला हाक मारली. "इथे बस. डोळे मीट. बाई कुठनं बोलते ते बोटाने दाखव."

अम्मी पदराला हात पुसत माझ्या जागेवर बसली. मी गोष्टीचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. तेवढ्या वेळात माझ्या मनात एकच… या अल्लाह, तिने समोर बोट दाखवू नये.

अम्मीचं बोट हळूच वर आलं. आणि खिडकीकडे गेलं.

"तिकडे हाय. खिडकीत बसून बोलते."

मी हेडफोन ओढून कानाला लावले. सरळ… उलटे… बाई दोन्ही वेळा मधोमध.

दोष खोलीचा होता. डावे स्पीकर काचेला खेटलेले, त्यांचा आवाज काचेवर आपटून माझ्याकडे परत येत होता. उजवीकडे उघडं दार, तिकडचा आवाज सरळ बाहेर ओटीवर निघून जात होता. कोणतीही जोडी लावा, तेच होणार.

आम्ही तिघांनी मिळून टेबल मध्ये आणलं. काचेवर जाड गोधडी टांगली. तिसरी जोडी कपाटात गेली आणि दार बंद झालं. फाईल पुन्हा मिक्स करून पाठवली, प्रोड्यूसरचा नुसता अंगठा आला.

शनिवारी माणगावला जाऊन कानही तपासून घेतले. ठीक आहेत. डॉक्टरांनी आवाज कमी ठेवून काम करायला आणि दर वर्षी यायला सांगितलंय. जाणार आहे.

स्पीकर कुठे ठेवायचे, हे शेवटी जमलंच असतं. पण आपण घाबरलोय हे घरात कोणाला तरी सांगायचं, ते मला अजून जमत नाही… या वेळी अब्बा आपणहून दारात येऊन उभे राहिले. अल्लाहचा शुक्र आहे.