साळिंदर की डुक्कर

लग्न होऊन मी धुळ्याहून रावेरकडच्या केळीच्या गावात आले, तेव्हा माझ्याकडे प्राणिशास्त्राची पदवी होती. चार वर्षांत मी काही बेडूक आणि झुरळं फाडली होती, एवढीच माझी प्राण्यांशी ओळख. सासरी मात्र ‘सूनबाईला जनावरांचं कळतं’ असा बोभाटा झाला होता. गाय आटली तरी लोक माझ्याकडे बघत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या केळीची खोडं बुंध्याशी कुरतडून आडवी होऊ लागली. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, ‘‘डुक्कर हाये.’’ शेजारच्या शेतात त्यांचे थोरले भाऊ, नाना. ते म्हणाले, ‘‘साळिंदर हाये.’’

वरकरणी हा वाद जनावरांचा, पण खरी गोम वेगळी होती. डुक्कर असेल तर ते नानांच्या मोडक्या कुंपणातून आलेलं, म्हणजे दोष नानांचा. साळिंदर असेल तर त्याचं बीळ दोघांच्या मधल्या बांधात, आणि बांधाची निगा आबांकडे. दोघांनी बोलणं टाकलं. काही आठवड्यांनी एका सकाळी आबांनी पुराव्यादाखल कागदाच्या पुडीतून लेंड्या आणल्या आणि माझ्या पोह्यांच्या ताटलीशेजारी उलगडल्या.

‘‘शिकलेली हायेस ना? सांग मले, कोनाच्या?’’

‘‘अहो, आधी खाऊ द्या ना तिले,’’ सासूबाई ओरडल्या.

मी पोहे बाजूला सारले आणि शेतात गेले. नानाही तिथे आले, आबांकडे पाठ करून उभे राहिले. एका ओळीत खोडांच्या तळाशी पटाशीनं तासल्यासारखे दातांचे सरळ, शेजारी-शेजारी ओरखडे होते. दोन काटेही पडलेले. पलीकडच्या ओळीत मात्र माती नांगरल्यासारखी उकरलेली, झाडं मुळासकट उपटून चघळलेली, चोथा पसरलेला.

‘‘इकडं साळिंदर,’’ मी म्हटलं, ‘‘अन् तिकडं डुक्कर. दोघंही येतात.’’

दोघांच्याही चेहऱ्यावर सारखीच नाराजी. भांडणात ‘दोघंही बरोबर’ हा निकाल कुणालाच नको असतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आबांनी त्याच दुपारी बीळ शोधलं आणि तोंडाशी ओल्या गवताचा धूर केला, वर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. आम्ही सगळे खोकत मागे सरलो. नाना तमाशा बघायला आले होते. ते बांधाच्या त्यांच्या बाजूला ऐसपैस बसले आणि ओरडून मला म्हणाले, ‘‘सूनबाई, तुह्या सासऱ्याले सांग, अशानं फक्त मिरच्या वाया जातीन!’’

बिळाला दुसरं तोंड असतं. ते नानांच्या बुडाखाली होतं.

साळिंदर उलटं बाहेर आलं, काटे फुलवून, खुळखुळ वाजवत. नाना असे उठले की मला वाटलं, माणूस बसल्या बसल्या उडू शकतो. जनावर ओढ्याकडे पसार झालं. नानांच्या धोतरातून तीन काटे बाहेर डोकावत होते.

आबा धावले. हसू दाबल्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी भावाला केळीच्या पानावर पालथं घातलं, डोकं मांडीवर धरलं आणि काटे उपटायला मला लावलं. ‘‘तूच ओढ, तुह्या शिक्षनाचा उपयोग होऊ दे.’’

‘‘आता तरी पटलं का?’’ पालथे पडलेले नाना कण्हत विचारत होते, ‘‘मी काय म्हनत होतो?’’

‘‘पटलं, भाऊ. साळिंदरच होतं. तुम्ही तर पार खूण पटवून घेतली.’’

कित्येक आठवड्यांतलं ते त्यांचं पहिलं बोलणं. सासूबाईंनी हळद कालवली, पण त्या भागाला हात लावायला नकार देऊन वाटी आबांच्याच हाती दिली. आबांनी ती गुपचूप लावलीही. चार-आठ दिवसांनी नानांना बसता येऊ लागलं, तेव्हा दोघे भाऊ कुंपणाला बाभळीच्या फांद्या बांधायला एकत्र गेले, आणि काटे आत वळवायचे की बाहेर, यावरून पुन्हा कडाकडा भांडले. पण या वेळी एकमेकांशी थेट.