राजासाठीची ओळ

अबायजा लॅम्सन पिंपं करायचा. त्याच्या पिंपातून सफरचंदाची सायडर गळली असं कनेक्टिकटमध्ये कुणी म्हणून दाखवावं! पण माणूस हेकट, एकदा धरलं की धरलं. रविवारी तो इंग्लिश चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या समोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने प्रार्थनेला उत्तरं द्यायचा. पाद्री म्हणायचे, "प्रभो, राजाला राख." हा म्हणायचा, "आणि आमची हाक दयेने ऐक." त्यात वर्षांमागून वर्षं गेली.

मग त्या उन्हाळ्यात वसाहतींनी स्वातंत्र्य पुकारून इंग्लिश राजालाच सोडचिठ्ठी दिली. गावात समिती बसली आणि राजासाठी प्रार्थना करील तो गावाचा वैरी, असं ठरलं. पाद्रीबाबांची पंचाईत झाली. ती ओळ म्हणावी तर तुरुंग, गाळावी तर दीक्षेची शपथ मोडते.

"चर्चला कुलूप लावतो, अबायजा."

"कुलूप कशाला? त्या ओळीला तुम्ही खोका. दोन्ही ओळी मी म्हणतो. मी पिंपवाला, मला कुठली आलीय दीक्षा?"

झालं. दर रविवारी बरोब्बर त्याच जागी पाद्रीबाबांना ढास लागायची, आणि अबायजा ठणठणीत आवाजात राजाचं रक्षण मागायचा.

घरात मात्र जेवण गोड लागेना. एलम, त्याचा एकुलता एक मुलगा, एकदा ताटावरच म्हणाला, "बाबा, आपल्याला न विचारता कर लावणाऱ्यासाठी तुम्ही देवाला साकडं घालता?"

"कर लावला ते योग्यच केलं. फ्रेंच चालून आले तेव्हा राजाचे लाल डगलेवाले शिपाई माझ्या शेजारी मेलेत. दारूगोळा काय आभाळातून पडत होता?"

"आणि आता तेच डगलेवाले आपल्यावर धाडलेत, वर भाडोत्री जर्मन. तेही योग्य?"

"ते चूक. धडधडीत चूक. पोरं उलटून बोलली म्हणून बाप बंदूक उचलत नाही."

"मग प्रार्थना कशाला?"

"चुकतोय म्हणूनच. शहाण्याला कशाला लागते प्रार्थना?"

"दोघं एकाच माळेचे मणी," डॉर्कस म्हणाली. "मक्याची भाकरी निवतेय, ती खा आधी." नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये बसून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

त्याच आठवड्यात एलम बंडवाल्यांच्या पलटणीत निघाला. बापाने अडवलं नाही. खांद्याला अडकवायचा लाकडी बुधला त्याने स्वतः करून दिला, पाण्यासाठी. "गळणार नाही," एवढंच म्हणाला.

समितीचा म्होरक्या ओझियस हबेल, गावचा लोहार, अबायजाच्या दुकानात येऊन बसला. "पोरगा तिकडे आणि तू इकडे! ती ओळ सोड, नाहीतर दुकानाला टाळं लागेल."

"टाळं तूच घडवणार ना, ओझियस? नीट घडव. मागचं तुझं कुलूप माझ्या बायकोने टाचणीने उघडलं होतं."

टाळं लागलं नाही, पण एका रात्री कुणीतरी पिंपं फोडली. अबायजाने फळ्या गोळा केल्या आणि पुन्हा जोडायला बसला.

न्यूयॉर्ककडून बातमी आली ती बुधल्यासकट. लाँग आयलंडवर भाडोत्री जर्मनांच्या संगिनींनी एलमला मारलं होतं. डॉर्कसने बुधला छातीशी धरला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "येत्या रविवारी ती ओळ म्हणालात, तर मी उठून जाईन. चर्चमधून आणि घरातूनही."



रविवारी चर्च भरलं. ओझियससुद्धा दाराशी टोपी काढून उभा होता. आज तरी हा गप्प बसेल, असंच सगळ्यांना वाटत होतं. ती जागा आली. पाद्रीबाबा खोकलेच नाहीत, नुसते खाली बघत राहिले.

अबायजाने दोन्ही हातांनी मेज धरलं. "प्रभो, राजाला राख."

डॉर्कस उठली.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने पुस्तकाबाहेरचे शब्द जोडले. "माझ्या हातापासूनही त्याला राख. आज तो समोर आला, तर मी त्याला सोडणार नाही."

पुढची ओळ त्याला म्हणताच येईना.

डॉर्कस दाराकडे निघाली होती. ती थांबली, मागे वळली आणि उभ्यानेच म्हणाली, "आणि आमची हाक दयेने ऐक."