हा तो नव्हे

शुक्रवारी दुपारी मुंबई विमानतळावर इब्राहिम परकार यांना थांबवण्यात आलं. ते आखातातून मुलीच्या निकाहसाठी आले होते. तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पासपोर्टवर आडनाव लावलं नव्हतं. स्वतःचं आणि वडिलांचं नाव, एवढंच. दहशतवादी म्हणून दुसऱ्या एका देशाला हव्या असलेल्या माणसाचं नावही तेच होतं.

माझ्या पासपोर्टचं पान भिजलं होतं, म्हणून मीही शेजारच्या बाकावर होतो. अधिकाऱ्यानं त्यांच्या बोटांचे ठसे आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेमार्फत त्या देशाकडे पाठवले. तेवढ्यात इब्राहिमभाईंना बायकोचा फोन आला; तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"अहो, काझीसाहेब येऊन बसलेत! पोरीचा बाप कुठाय, विचारतात."

"काका, त्यांना चहा द्यायला सांगा," अधिकारी म्हणाला.

इब्राहिमभाई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. अशा संस्था माणसं पकडण्यासाठी असतात, असं आपण धरून चालतो. सरहद्दी ओलांडणाऱ्याचा माग एकट्या देशाला लागत नाही, हे खरंच. पण चुकून अडकलेला माणूसही एकट्या देशाला सोडता येत नाही. तिकडून कोणीतरी, परक्या भाषेत, हा तो नव्हे, असं सांगावं लागतं.

उत्तर आलं. ठसे वेगळे होते. अधिकाऱ्यानं शिक्का मारला.

"पळा आता, काका."

दारापाशी पोचून त्यांनी घरी फोन लावला. काझीसाहेबांचा तिसरा चहा चालू होता.